‘मॅडम, कागदावर मला बरी म्हणू नका’

“पुढच्या महिन्यात बोर्ड आहे. तोवर गोळ्या बंद ठेवल्या तर चालेल का?”

मानसिक आजारासाठी दिव्यांगत्वाचा दाखला काढलेल्या घरांमधून हा प्रश्न मला, समुपदेशक म्हणून, नेहमी येतो. कधी आई विचारते, कधी नवरा, कधी पेशंट स्वतः. विचारताना आवाज खाली गेलेला असतो. भीती साधी आहे: दिव्यांगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे माणूस नीट दिसला तर दाखल्यावरची टक्केवारी कमी होईल, ती ४० च्या खाली गेली तर निराधार योजनेचे पैसे बंद होतील.

उत्तर आधीच देते. नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत, एक दिवससुद्धा नाही. पण एवढं सांगितल्याने भीती जात नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून शोभाताईंबद्दल लिहिते आहे. त्यांना विचारूनच लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शोभाताई अडतिशीच्या. लग्नानंतर काही वर्षांतच स्किझोफ्रेनिया सुरू झाला आणि सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं ते कायमचंच. घरात आई, भाऊ, वहिनी आणि दोन भाचरं. दीड एकर कोरडवाहू, बाकी सगळी मजुरी. सरकारी दवाखान्यातल्या उपचारांनी त्यांच्या कानातले आवाज पुष्कळ कमी झाले. दाखल्यावर ५५ टक्के आणि पुढे मुदत. त्या दाखल्यावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळायचे. गावात सगळे त्याला ‘पगार’च म्हणतात, त्याही म्हणायच्या.

या पगारातून काय व्हायचं? दवाखान्याला जायचं एसटीचं भाडं. सरकारी दवाखान्यात एखादी गोळी संपलेली असली की ती बाहेरून घ्यायची. धाकट्या भाचीच्या वह्या. आईला चहापत्ती. रक्कम छोटी आहे, पण ज्या घरात सगळ्यांचे हात राबतात, तिथे ज्या बाईला कुणी कामाला बोलावत नाही, तिचं ताटावर बसणं या पैशाने सोपं केलं होतं.

२०२५ च्या सुरुवातीला हे अनुदान थेट खात्यावर, डीबीटीने जमा व्हायला लागलं. ज्यांचं आधार खात्याला जोडलेलं नव्हतं, त्यांचे पैसे अडकले. शोभाताई त्यांतल्याच. पत्र नाही, फोन नाही. पासबुकात एंट्री मारायला गेल्या तेव्हा कळलं. भाऊ दोनदा मजुरी बुडवून तालुक्याला गेला, आधार जोडून आला, केवायसी केली. तोवर दाखल्याची मुदत संपत आली होती. आता नवीन बोर्ड.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा ओठ सुकलेले, नजर दारावर. वहिनी सोबत होत्या. बोलता बोलता कळलं की बरेच दिवस गोळ्या घेतलेल्याच नाहीत. आवाज परत यायला लागले होते. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “मॅडम, कागदावर मला बरी म्हणू नका. बरी म्हणलं की पगार जातो.”

मग हळूच आणखी एक गोष्ट सांगितली. पैसे थांबल्यापासून त्या सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवायच्या आणि एक भाकरी कमी खायच्या. घरात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वहिनींनी ते माझ्यासमोरच पहिल्यांदा ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“मी नसले तर दादाला बरं पडेल,” हे वाक्य आलं तेव्हा मी थेट विचारलं, जिवाचं काही करून घ्यायचं मनात येतं का? असं विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने माणसाला बोलायला वाट मिळते. त्या म्हणाल्या, येतं, पण भाचीकडे बघून थांबते. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं, गोळ्या परत सुरू झाल्या, घरातली कीटकनाशकं वहिनींनी कुलपात ठेवली. हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात असे विचार येत असतील तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.

गोळ्यांबद्दल मी त्यांना जे सांगितलं, ते इथे नीट लिहिते, कारण हीच चूक घरोघर होते. मानसिक आजाराचं दिव्यांगत्व ठरवताना डॉक्टर ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. तीत चार बाबी बघतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं आणि समजणं, आणि काम. आजार किती वर्षांचा आहे, त्याचेही गुण धरतात. म्हणजे त्या सकाळी तुम्ही किती विस्कटलेले दिसता यावर हे ठरायला नको. गेल्या काही वर्षांत तुमचं रोजचं जगणं कसं चाललंय यावर ठरायला हवं. सोबत राहणाऱ्या माणसाची माहिती आणि उपचाराची फाइल यांना म्हणूनच वजन आहे. गोळ्या बंद केल्या तर फाइलमध्ये खंड दिसतो आणि आजार उलटला तर तो पुन्हा ताब्यात यायला महिने जातात. १५०० रुपयांसाठी मोजायची ही किंमत नव्हे.

मग आम्ही वही सुरू केली. शोभाताई चौथी शिकलेल्या, त्यामुळे लिहायचं काम मोठ्या भाचीकडे. रोज तीन गोष्टी: आज आपणहून काय केलं, कुणी सांगितल्यावर काय केलं, काय जमलंच नाही. एका मंगळवारची नोंद मी उतरवून घेतली आहे: “शेळ्या बांधल्या. आंघोळ वहिनीने दोनदा सांगितल्यावर. दुकानात गेले नाही, बायका माझ्यावर बोलतात वाटलं. दुपारी झोप. आईला गोळी दिली.”

ही नोंद बोर्डापुढे उपयोगी पडते, कारण ती खरी असते आणि तीत चांगलं-वाईट दोन्ही असतं. पण मला ती आणखी एका कारणासाठी हवी होती. पैसे मिळवण्यासाठी माणसाला आपलं न जमणं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तहसीलमध्ये सांगा, सेतूत सांगा, बोर्डापुढे सांगा. वर्षानुवर्षं हे केलं की माणूस स्वतःकडेही तसंच बघायला लागतो. हसायला घाबरतो. शोभाताई चुलतभावाच्या लग्नात नवी साडी नेसल्या नव्हत्या, कारण मागे एकदा कुणीतरी म्हणालं होतं, “हिला कसला आजार, चांगली तर दिसते.” वहीत ‘शेळ्या बांधल्या’ हे रोज यायला लागलं, तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या की हे तर मी रोजच करते.

पुढच्या वेळी भाऊ आला. तो कमी बोलतो. शोभाताईंना आपण घरावर ओझं आहोत असं वाटतं, ही गोष्ट काढल्यावर इतकंच म्हणाला, “पैसे आले तर चांगलंच आहे, पण तुझी भाकरी त्या पैशाची नव्हती.” वहिनींनी ठरवलं, आता दोघींनी एकत्र जेवायचं. समुपदेशनात माझ्या कुठल्याही बोलण्यापेक्षा याचा उपयोग झाला असं मला वाटतं.

पण घरातलं प्रेम हा सरकारी अनुदानाला पर्याय नाही आणि शोभाताईंची भीती हा केवळ त्यांच्या आजाराचा भाग नाही, हे मी ठामपणे लिहीन. भीतीला कारण आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम २४ मध्ये म्हटलं आहे की दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. तरी आपल्या राज्यात २०२३ मध्ये रक्कम १५०० झाली ती विधवा, निराधार, दिव्यांग सगळ्यांना सारखीच. जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी मोझरीला उपोषण केलं, त्यात दिव्यांगांना महिना ६००० रुपये ही मागणी होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांसाठी २५०० रुपये लागू झाले. ही वाढ चांगलीच आहे. पण केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनमधला वाटा २०१२ पासून ३०० रुपयांवरच आहे आणि तोही ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्यांना. रक्कम वर्षानुवर्षं तीच ठेवणं ही कपातच असते, फक्त तिचा आदेश निघत नाही.

उत्पन्नाच्या अटीचंही तेच. दिव्यांगाच्या कुटुंबासाठी ती वर्षाला ५०,००० रुपये आहे. दिवसाला १३७ रुपये. एक माणूस वर्षभर मजुरीला गेला आणि तलाठ्याने तेवढं खरं खरं लिहिलं, तर घर अपात्र. ज्या घरात अटीत बसायला उत्पन्न कमी सांगावं लागतं, तिथे आपण काहीतरी लपवतोय ही भावना कायमची मुक्कामाला असते. पुढे कुणी ‘बोगस’ म्हटलं की खरा आजारी माणूसही दचकतो.

बोगस दाखले आहेत, मी नाकारत नाही. ते खऱ्यांच्याच हक्कावर येतात. त्यासाठी कायद्याच्या कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ती खोटं करणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्याला व्हावी. आज तपासणीचा भार पडतो तो मजुरी बुडवून रांगेत उभं राहणाऱ्यावर.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. ब्रिटनमध्ये २०१० ते २०१३ या काळात दहा लाखांहून अधिक लोकांची कामाच्या क्षमतेची फेरतपासणी झाली. तिथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या फेरतपासणीचा संबंध सुमारे ५९० जास्तीच्या आत्महत्यांशी आणि नैराश्याच्या औषधांच्या ७ लाख २५ हजार जास्तीच्या चिठ्ठ्यांशी आढळला. फेरतपासणीमुळेच हे झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, हे संशोधकांनीही मान्य केलं आहे. पण माझ्यासमोर बसलेली माणसं बघितली की त्या आकड्यांचं मला नवल वाटत नाही. २०२५ मध्ये तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारने दिव्यांग भत्त्याचे निकष कडक करायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्याच खासदारांनी बंड केलं आणि जुलैमध्ये तो भाग मागे घ्यावा लागला. दिव्यांगांच्या वतीने कुणीतरी सभागृहात उभं राहिलं तर निर्णय फिरतो, हे मला त्यातून महत्त्वाचं वाटतं.

बोर्डाच्या दिवशी वहिनी सोबत गेल्या. फाइलमध्ये डॉक्टरांचं एक पानी पत्र, गोळ्यांच्या चिठ्ठ्या तारखेने लावलेल्या, वही. शोभाताईंनी स्वच्छ साडी नेसली होती. मीच तसं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशीची भेट आम्ही आधीच ठरवून ठेवली होती, कारण परक्यांपुढे आपलं सगळं न जमणं मोजून दाखवल्यावर माणूस आतून रिकामा होतो आणि तो दिवस एकट्याने काढू नये. त्या दिवशी त्या जवळजवळ काही बोलल्या नाहीत. चहा प्यायल्या, बसून राहिल्या.

दाखल्यावर ४५ टक्के आले. पैसे नव्या दराने सुरू झाले. मधल्या महिन्यांची थकबाकी मात्र मिळालेली नाही. त्यासाठीचा अर्ज तहसीलमध्ये आहे. वाचणाऱ्यांनी एवढं करावं: पैसे थांबले की कारण तोंडी ऐकून परत येऊ नका, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. टक्केवारी चुकीची वाटली तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. तिथेही दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

५५ चे ४५ झाले हे शोभाताईंनी बरोबर हेरलं. “पुढच्या वेळी ३८ आले तर?” या प्रश्नाला माझ्याकडे दिलासा देणारं उत्तर नाही. ४० ला पूर्ण रक्कम आणि ३९ ला शून्य, ही रचनाच मला अमान्य आहे. गोळ्यांनी आवाज थांबले म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी मजुरीला बोलावत नाही. सुधारणाऱ्या माणसाची मदत पायरीपायरीने कमी व्हावी आणि बंद करण्याआधी कारण लिहिलेली नोटीस घरी यावी, एवढं तरी सरकारने करायलाच हवं. तोवर मी त्यांना खरं ते सांगते: ३८ आले तर अपील करू, मी सोबत येईन, आणि गोळ्या तेव्हाही चालूच राहतील.

गेल्या भेटीत त्यांनी वेगळंच विचारलं. आशाताई त्यांना बचत गटात बोलावतायत. तिथे बसलेलं कुणी बघितलं आणि तक्रार केली तर? मी म्हटलं, जा. बचत गटात बसल्याने कुणाचा दाखला रद्द होत नाही. पहिल्या बैठकीला वहिनी सोबत जाणार आहेत, आणि त्या दिवशीची नोंद वहीत कुठल्या रकान्यात घालायची यावर भाचीचं आणि त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.