‘दृष्टिकोन बदलला’ असं सगळ्याच वह्यांत येतं तेव्हा

नमस्कार मॅडम. तुमचा प्रश्न मला कळला तो असा: एस.वाय. अर्थशास्त्राच्या मुलांना फील्ड प्रोजेक्टसाठी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर (हंगामापुरत्या झोपड्यांवर) नेलं, परत आल्यावर प्रत्येकाकडून चिंतनपर नोंदवही लिहून घेतली आणि जवळजवळ प्रत्येक वहीत ‘या भेटीने माझा जीवनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला’ हे वाक्य निघालं. बऱ्याच वह्या चॅटजीपीटीच्या असाव्यात असाही तुम्हाला संशय आहे. मग परिवर्तनशील अध्ययन, म्हणजे शिकताना जगाकडे बघण्याची आपली गृहीतकंच बदलणं, म्हणतात ते वर्गात घडतं तरी का, आणि घडलं तर त्याला गुण कसे द्यायचे?

आधी गुणांचं सांगते. बदलाला गुण देऊ नका. बदल दाखवला की गुण मिळतात हे कळलं की मुलं बदलतात, सबमिशनपुरती. त्यात मुलांचा दोष नाही. बारावीपर्यंत आपणच त्यांना परीक्षकाला हवं ते लिहायला शिकवलेलं असतं. चॅटजीपीटी नव्हतं तेव्हाही वरच्या वर्गाच्या वह्या खाली उतरतच होत्या.

परिवर्तनशील अध्ययन ही कल्पना प्रौढशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक जॅक मेझिरो यांची. तिचा उगम पाहिला की आपण कुठे घसरतो ते दिसतं. अमेरिकेत संसारात शिक्षण सुटलेल्या आणि मोठ्या वयात पुन्हा कम्युनिटी कॉलेजात आलेल्या बायकांचा त्यांनी अभ्यास केला. तो १९७८ साली आला. त्यांच्या पत्नीही अशाच मोठ्या वयात कॉलेजात परतल्या होत्या. ‘आपली जागा ही एवढीच’ असं या बायका वर्षानुवर्षं धरून चालल्या होत्या आणि कॉलेजात ते टिकेना. तिथून स्वतःला तपासणं, आपल्यासारखंच इतरांचंही होतंय हे कळणं, नवी भूमिका करून बघणं, असे दहा टप्पे मेझिरोंनी मांडले. त्यात विवेकावर फार भर आणि भावनांना कमी जागा, अशी टीका पुढे झाली, ती मला पटते.

आपल्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे. त्या बायकांना कुणी बसमध्ये घालून दुसऱ्याचं दुःख दाखवायला नेलं नव्हतं. पेच त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात होता. असंच काही बघायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात रविवारी जाऊन बसा. लेकीच्या वयाच्या मुलींशेजारी बसून बी.ए. करणाऱ्या बायकांना दृष्टिकोनावर निबंध लिहायला सांगावं लागत नाही.

म्हणून भेटीआधीचा तास सगळ्यात महत्त्वाचा. जाण्यापूर्वी मुलांकडून त्यांचे अंदाज लिहून घ्या आणि कागद तुमच्याकडे ठेवा. मजुरी रोजावर मिळते की टनावर? पैसे कधी मिळतात? एक ‘कोयता’ म्हणजे किती माणसं? बहुतेक मुलं लिहितील, रोजची मजुरी, आठवड्याला पगार, एक माणूस. तिथे गेल्यावर कळतं की कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मजुरी टनावर, आणि हंगाम सुरू होण्याआधीच मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली. ती फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. पुस्तकात मजूर आधी काम करतो आणि मग पैसे घेतो. इथे पैसे आधी, काम नंतर, आणि म्हणून काम सोडून जायची सोयच नाही. श्रमाचा बाजार शिकवताना आपण फळ्यावर काढतो त्या मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा इथे कशा लागू करायच्या? हा खरा पेच. परत आल्यावर ते कागद वाटा आणि एवढंच विचारा: तुमचा अंदाज काय होता, तो कुठून आला होता, तिथे नेमकं काय पाहिलं-ऐकलं? गुण या तिसऱ्या उत्तराच्या बारकाईला द्या. हे चॅटजीपीटीला लिहिता येत नाही असं नाही, पण आधीचा कागद तुमच्याकडे असतो.

आता जरा अवघड भाग. तुमच्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं कुणी आहे का, हे नेण्याआधी बघितलं होतं का? बीडकडची मुलं पश्चिम महाराष्ट्रातल्या कॉलेजांत शिकतात. अशा मुलासाठी ती कोपी म्हणजे घर, आणि वर्गमित्र वाकून आत बघतायत. त्याच्या वहीतलं ‘दृष्टिकोन बदलला’ हे वाक्य म्हणजे स्वतःला लपवण्याची जागा असू शकते. त्याला सगळ्यांसमोर ‘तू सांग’ म्हणू नका. वैयक्तिक लिहायचं की नाही ते त्याच्यावर सोडा, आणि कोप्यांऐवजी कारखान्याचं ऑफिस किंवा बाजार समिती असा पर्याय सगळ्यांनाच द्या, म्हणजे त्याला कारण सांगावं लागणार नाही.

इथेच चिंतनशील अध्यापन, म्हणजे शिक्षकाने स्वतःचं शिकवणं तपासत राहणं, येतं. व्यावसायिक लोक काम करताना कसा विचार करतात याचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये काम चालू असतानाचा विचार आणि काम झाल्यानंतरचा विचार असा फरक केला. आपण फार तर दुसरा करतो, तोही सत्र संपल्यावर. प्रौढशिक्षणाचेच अभ्यासक स्टीफन ब्रुकफिल्ड यांची एक साधी पद्धत मला सगळ्यात उपयोगी वाटते. आठवड्याच्या शेवटच्या तासाला पाच-दहा मिनिटं राखून बिननावाच्या चिठ्ठीवर पाच प्रश्न: या आठवड्यात मन कधी सगळ्यात जास्त लागलं, कधी उडालं, कुणाच्या कोणत्या कृतीची मदत झाली, कशाने गोंधळ झाला, आश्चर्य कशाचं वाटलं. पुढच्या तासाला चिठ्ठ्यांत काय निघालं ते वर्गाला सांगायचंच. हे टाळलंत तर तिसऱ्या आठवड्यात कोऱ्या चिठ्ठ्या येतात. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाशी याची गल्लत नको. ते संस्थेसाठी असतं, आणि भरणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होईपर्यंत ती पास होऊन गेलेली असतात.

वर्ग १२० चा असेल किंवा तुम्ही सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) चार कॉलेजं करत असाल, तर वह्या बंद करा आणि चिठ्ठ्या ठेवा. विभागप्रमुख पुरावा मागतील तेव्हा चिठ्ठ्यांचा गोषवारा आणि त्यावरून पुढच्या आठवड्यात तुम्ही काय बदललंत, एवढं तारखेसह लिहून फायलीला लावा.