घरात होतं म्हणून, की पटलं म्हणून?

प्रश्न : सर, तुम्ही ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलंत. या सदरातही 'सिद्ध झाल्याशिवाय मानू नका' असं सारखं सांगता. मग पाच वेळची नमाज कशाच्या आधारावर? मुसलमान घरात जन्मलात म्हणून, की खरंच पटलं म्हणून? राग मानू नका.
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : राग कसला, बेटा. डी.एड.ला असताना हाच प्रश्न मी स्वतःला विचारला, उत्तर सापडेना म्हणून तीन वर्षं नमाज सोडली. ईदची तेवढी चुकवली नाही, तीही अब्बांच्या धाकानं.

सुरुवात घरामुळेच झाली, हे कबूल. वारकऱ्याच्या घरी जन्मलो असतो तर आज तुला वारीबद्दल लिहीत बसलो असतो. आणि अल्लाह आहे याची फळ्यावर मांडण्यासारखी सिद्धता माझ्याकडे नाही. अमुक शोध कुरआनात आधीच लिहिलाय असे व्हिडिओ मला रोज मोबाइलवर येतात, मी ते पुसून टाकतो. उद्या शास्त्रज्ञांनी मत बदललं तर ही मंडळी काय करणार?

परत वळलो तो अब्बा गेले तेव्हा. जुलै महिना, चिपळूणजवळचं आमचं गाव, छत्री धरून उपयोग नाही असा पाऊस. कबर खणताना दोन हातांवर जांभा लागला, पोरं पहारीनं फोडत होती. जनाजाच्या, म्हणजे मयताच्या नमाजीत रुकू (कमरेत वाकणं) नाही, सजदा (कपाळ जमिनीला टेकणं) नाही. उभ्यानंच चार तकबिरी, म्हणजे चारदा 'अल्लाहु अकबर'. माझ्या खांद्याला खांदा लावून शेजारचे चाचा उभे होते. बांधावरून त्यांचं नि अब्बांचं ११ वर्षं बोलणं नव्हतं. मग प्रत्येकानं तीन मुठी माती टाकायची. म्हणायचं ते कुरआनातलंच : याच मातीतून तुम्हाला घडवलं, हिच्यातच परत नेऊ, हिच्यातूनच पुन्हा बाहेर काढू. तिसरी मूठ चाचांच्या हाताला चिकटून बसली, सुटेना. त्यांनी हात सदऱ्याला पुसला आणि मला म्हणाले, "घरात माणसं किती? जेवणाची डेग पाठवतो."

पण हे झालं मन हलण्याचं. तू विचारतेस पटलं कशानं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी सातवीच्या वर्गावर तपासणीला साहेब आले होते. मागच्या बाकावरचा एक पोरगा, नजर अधू, फळ्याला नाक लावून विचारायला लागला, "सर, छेद चार की नऊ?" साहेबांसमोर मला ओशाळल्यासारखं झालं. कपाळाला आठ्या घातल्या नि त्याला हातानंच मागे सारलं. त्याच रमजानात कुरआनचा मराठी तर्जुमा वाचताना सूरह अबस हा अध्याय समोर आला. मक्केत पैगंबरसाहेब कुरैश टोळीच्या बड्या सरदारांशी बोलण्यात गुंतले होते, तेवढ्यात इब्ने उम्मे मक्तूम नावाचा आंधळा माणूस काही विचारायला आला. त्यांना व्यत्यय वाटला. त्यावर कुरआन त्यांनाच बोल लावतं : कपाळाला आठ्या घातल्या, तोंड फिरवलं, का तर आंधळा आला म्हणून! मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो.

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. एखाद्या माणसानं स्वतःच ग्रंथ रचला असता, तर आपल्यावरचा ठपका त्यात ठेवला असता? तोही असा, की अनुयायांनी चौदाशे वर्षं नमाजीत मोठ्यानं पढावा? ही सिद्धता नव्हे, त्यात फटी आहेत, तू काढशीलही. मला मात्र तिथं विश्वास ठेवावासा वाटला आणि अजून वाटतो.

जकातीचा हिशेबही मला आवडतो. ठरावीक मर्यादेवरची, वर्षभर साठून राहिलेली रक्कम, तिचा ४०वा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच. ते दान नव्हे. तुमच्या पैशात मागणाऱ्याचा हक्कच आहे, अशी कुरआनची भाषा. रमजानात मी वही घेऊन बसतो. बायको म्हणते, पोरांचे पेपर तपासल्यासारखे स्वतःलाच मार्क देता.

न पटलेलंही आहे. तान्ही पोरं दुखण्यानं का जातात, यावर कुठल्याही मौलानांचं उत्तर मला पुरलेलं नाही. तरी त्या दिवशीची नमाज चुकवत नाही.

त्या आंधळ्या माणसाचं पुढे काय झालं, ते राहिलंच. मदिनेत पैगंबरसाहेबांनी त्याला बांग द्यायला नेमलं. दुसरे बांग देणारे बिलाल, ते रात्र असतानाच बांग द्यायचे. लोकांना सांगितलेलं होतं, की इब्ने उम्मे मक्तूमची बांग होईपर्यंत खा-प्या. म्हणजे अख्ख्या गावाची सहरी, रोजाआधीचं पहाटेचं खाणं, त्याच्या आवाजावर थांबायची. आता त्याला पहाट दिसणार कशी? लोक येऊन सांगायचे, "उजाडलं, उजाडलं." मग तो बांग द्यायचा.