सोलर स्वतः बसवू का? आधी बिलातले महागडे युनिट मोजू

नाशिकच्या पाथर्डी फाट्याहून एका वाचकाने लिहिलं आहे: "अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन आहे. स्वतःचं रो-हाउस आहे. महिन्याला सरासरी २८० युनिट पडतात, बिल ३,२०० च्या आसपास. आम्ही दोघंही नोकरीला, दिवसा घर बंद असतं. सोलरवाल्याने ३ किलोवॅटचे १,९५,००० सांगितले. सामान आणून मीच बसवलं तर १,१५,००० मध्ये होतंय, नेट मीटरच्या भानगडीत पडायचं नाही. दीड लाखाची एफडी आहे, ती मोडू का?"

एफडी मोडू नका, आणि सोलर स्वतः बसवू नका. सोलर मात्र जरूर घ्या. तुमच्या कसबाबद्दल मला जराही शंका नाही. अडचण हिशेबात आहे.

तुम्हाला ८०,००० वाचताना दिसताहेत. पण पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते नोंदणीकृत विक्रेत्याकडून, देशी बनावटीचे पॅनेल लावले तरच मिळतं. म्हणजे १,९५,००० चे होतात १,१७,०००. तुमच्या १,१५,००० शी ताडून बघा. फरक २,००० रुपयांचा, आणि तेवढ्यासाठी वॉरंटी, नेट मीटर, सगळ्यावर पाणी सोडायचं.

नेट मीटरला तुम्ही भानगड म्हणता, पण तुमच्या घरात सगळी बचत त्यावरच आहे. पॅनेल वीज करणार मुख्यतः सकाळी नऊ ते चार, तेव्हा तुमच्या घरात फक्त फ्रिज चालू. गिझर सकाळी सहाला, पंखे-टीव्ही रात्री. नेट मीटर असेल तर दुपारचे युनिट महावितरणकडे जमा होतात आणि रात्रीच्या वापरातून वजा होतात. तो नसेल तर दुपारची वीज वायाच. आणि परवानगीशिवाय ती लाइनवर सोडू नका. साधे मीटर कित्येकदा बाहेर गेलेले युनिटही वापरात धरतात आणि बिल उलट वाढतं. लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न तर तुम्हाला मी सांगायला नको.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. तुम्हाला ३ किलोवॅट कशाला हवेत? बिल काढून बघा. पहिले १०० युनिट स्वस्त आहेत, १०१ पासून दर जवळपास दुप्पट होतो. म्हणजे तुमचे १८० युनिट महाग आहेत. आपल्याकडे १ किलोवॅट वर्षाच्या सरासरीने महिन्याला ११०-१२० युनिट देतो, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलात जास्त. २ किलोवॅटमध्ये २३० युनिट निघाले की महागडे सगळे कापले जातात आणि उरतात स्वस्तातले ५०. बिल ५०० च्या आसपास येईल, बचत महिना २,७००. तुमच्या कोटेशनच्या प्रमाणात २ किलोवॅटचे १,३५,००० धरू, त्यातून ६०,००० अनुदान वजा केलं की ७५,०००. अडीच वर्षांत पैसे वसूल.

तिसऱ्या किलोवॅटला मात्र अनुदान फक्त १८,०००. तुमच्या खिशातून आणखी ४२,००० जाणार आणि बचत वाढणार महिना ३५०, कारण स्थिर आकार तर वापर शून्य असला तरी भरावाच लागतो. ते पैसे फिटायला दहा वर्षं. दोन-तीन वर्षांत एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी, मग ३ च घ्या.

पैशांची सोय अशी. या योजनेत सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांपर्यंतचं कर्ज विनातारण देतात, व्याज ६ टक्क्यांच्या आसपास. दहा टक्के तुम्ही घालायचे. अनुदान वळतं झालं की साठेक हजार उरतात, तीन वर्षांचा हप्ता १,९०० च्या आसपास. बचत त्याहून जास्त आहे. एफडी अडीअडचणीला राहू द्या, तुमच्याकडे दुसरी गंगाजळी नाही.

तुमचं कसब कामी येईल ते देखरेखीत. माझ्या गच्चीवर बसवताना मी नुसता चहा देत उभा राहिलो. चारनंतर पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सरकते, हे पहिल्या हिवाळ्यात कळलं. पॅनेल एकामागे एक जोडलेले, त्यामुळे एकावर सावली आली की सगळ्या रांगेची वीज ढासळायची. स्ट्रक्चर हलवायला पुन्हा पैसे गेले. तुम्ही आधीच एका रविवारी दिवसभर गच्चीवर खडूने सावल्या आखून ठेवा. चार पॅनेलच्या रांगेत जवळपास २०० व्होल्ट डीसी असतो आणि ऊन आहे तोवर तो बंद होत नाही, एमसीबी (बोर्डावरचा ब्रेकर) पाडला तरी. म्हणून अर्थिंग, लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेपासून बचावाचा) आणि डीसी केबलचे जोड समोर उभं राहून करून घ्या.

या आठवड्यात दोन-तीन नोंदणीकृत विक्रेत्यांकडून २ किलोवॅटचं कोटेशन मागवा. अर्थिंग आणि स्ट्रक्चरची रक्कम त्यात वेगळी लिहून घ्या. माझ्या १,३५,००० च्या अंदाजाहून फार वर गेलं तर सही करण्याआधी मला पाठवा, आपण पुन्हा आकडे मांडू.