मीटर पळवतंय कोण?

प्रश्न : काका, आमचं घर गुहागरजवळ, समुद्राच्या अंगाला. घरात मी, हे, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. पावसाळ्यात विजेचं बिल अकराशेच्या आतबाहेर असतं. दिवाळी झाली की चढायला लागतं. जानेवारीचं २,९०० आलं. युनिट ११५ वरून थेट २६२. मी पडवीतला दिवा बंद केला, टीव्ही एका तासावर आणला, सासूबाईंनी मिक्सर ठेवून पाटा काढला. फेब्रुवारीत फरक पडला तो जेमतेम पन्नास रुपयांचा. आता मुलाच्या अभ्यासाचा दिवाही मोजून लावायचा का? घरात फ्रीज आणि तीन पंखे आहेत, विहिरीवर दीड एचपीचा पंप. वाडीत ४० माड, शंभरेक पोफळी.

उत्तर : वहिनी, मुलाचा दिवा आधी लावा, मग पुढचं वाचा.

९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. मिक्सर रोज दहा मिनिटं फिरवला तर अडीच युनिट. म्हणजे सासूबाईंनी महिनाभर पाट्यावर कंबर मोडली ती तेवढ्यासाठी. (पाट्यावरच्या वाटपाची चव वेगळी, हे कबूल. त्यासाठी जरूर वाटावं. बिलासाठी नको.)

तुमच्या पत्रातलं खरं वाक्य एकच आहे, ‘दिवाळी झाली की’. दिवाळी झाली की शिंपणं सुरू होतं. १४७ युनिट वाढले, दिवसाला सुमारे पाच. दीड एचपीचा पंप तासाला दीड-पावणेदोन युनिट ओढतो. वाडीला तीन तास पाणी लागत असेल, तर हिशेब तिथेच मिटला.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा. अठ्ठावीस वर्षं वायरमनकी केली, बिलाचं गाऱ्हाणं घेऊन कोणी आलं की मी आधी त्याला मीटरसमोर उभं करायचो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच बहुधा ३२०० हा आकडा छापलेला असतो. म्हणजे तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करून फक्त पंप चालू करा आणि मुलाला घड्याळ घेऊन उभं करा. मिनिटात ८५ वेळा लुकलुकला, तर तासाला ५,१००. त्याला ३२०० ने भागा, आले १.६ युनिट. दहावीचा मुलगा हे आवडीने करील. मग फ्रीज, मग एकेक पंखा असंच मोजा. फ्रीज मध्येमध्ये थांबतो, त्याला एका मिनिटावर जोखू नका. तुमच्या मीटरवर आकडा दुसरा असेल तर त्यानेच भागायचं.

मोजायच्या आधी एक गंमत करून बघा. मेन चालू ठेवून घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रीजची पिनही काढा. तरी दिवा लुकलुकतोय? मग कुठेतरी वीज गळते आहे. आपल्याकडे खारा वारा तारांचे जोड खातो. एका घरी न्हाणीघरातला होल्डर उघडला, तर आत तांब्यावर हिरवं कीट चढलेलं आणि कोपऱ्यात मुंग्यांचं वारूळ. असली गळती बिलापेक्षा जिवाला वाईट, वायरमन लगेच बोलवायचा. स्वतः स्क्रू पिळत बसायचं नाही.

आता दर. महावितरणच्या घरगुती बिलात पहिले १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० जवळजवळ दुप्पट दराने. वर १६ टक्के वीज शुल्क. तुमच्या घराचेच ११५ होतात, म्हणजे पंपाचं प्रत्येक युनिट वरच्या दरात पडतं. उलट बाजूने बघा, पंपाचं जे युनिट वाचेल तेही महागातलंच वाचेल.

म्हणून आधी विहिरीवर जा. रोज सकाळी पंपात पाणी ओतल्याशिवाय तो पाणी धरत नाही, असं होतं का? होत असेल तर फुटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप, गळतोय. मी हे स्वतःच्या घरात भोगलंय. दुनियेचे पंप दुरुस्त करत फिरलो आणि माझ्याच विहिरीत व्हॉल्व्हमध्ये जांभ्याची कंकर अडकून बसली होती. दोन मोसम बायको म्हणत होती, ‘पूर्वी तासात होणारं शिंपणं आता दोन तास चालतं.’ मी म्हणायचो उन्हाळा कडक आहे. शेवटी तिनेच २०० लिटरचं पिंप पाटाच्या तोंडाशी ठेवलं आणि घड्याळ लावलं. भरायला चार मिनिटं. व्हॉल्व्ह बदलल्यावर दोन मिनिटं. त्या दिवसापासून आमच्याकडे पंपाबद्दल शेवटचा शब्द तिचा असतो.

तुम्हीही पिंप लावा. पाइपाची वळणं बघा, दीड इंची पाइपाला मध्येच एक इंची जोडला असेल तर तोही बदला.

मग पाणी किती द्यायचं ते. मोठ्या माडाला ठिबकने दिवसाला साधारण ३० ते ४० लिटर पुरतं. चाळीस माडांचं १,६०० लिटर, पोफळींना प्रत्येकी वीसेक धरा, त्यांचं २,०००. झालं ३,६०० लिटर. मिनिटाला शंभर लिटर देणाऱ्या पंपाचं हे पाऊण तासाचंही काम नाही. ठिबकला दाब लागतो, गाळणी लागते, म्हणून तास धरू. बाकीचे दोन तास पाटाचं पाणी जांभ्यात मुरतंय आणि तुम्ही त्याचे पैसे भरताय. ठिबक लगेच जमणार नसेल तर आळ्यात नारळाची सोडणं पुरा, ओल टिकते. अधिक विचारायचं तर रत्नागिरीला भाट्याचं नारळ संशोधन केंद्र आहे, ही माणसं वाडीची भाषा बोलतात.

आणखी एक. एवढी वाडी घरच्या मीटरवर शिंपू नये. राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत वीज मोफत आहे. वाडीच्या नावावर जुनं शेतीचं कनेक्शन पडून आहे का, ते आजोबांच्या कागदांत शोधा. पुष्कळ घरांत सापडतं. नसेल तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज करता येतो. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. माडांच्या सावलीत पॅनेल टाकू नका म्हणजे झालं.

पंख्यांचं राहिलं. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे नव्या जातीच्या मोटरचा तीसेक. रोज बारा तास चालणारा एकच बदला, महिन्याला सोळा युनिट वाचतात. तिन्ही एकदम नको. माजघरातला, सासूबाईंच्या डोक्यावरचा, आधी.

प्रश्न : मी मूळची पुण्याची, लग्न होऊन देवगडकडे आले. माहेरी गॅस दीड महिना जायचा, इथे २६ दिवसांत संपतो. माणसं दोन्हीकडे चारच. जाऊबाई म्हणतात सिलिंडर कमी भरून येतो. खरं असेल का?

उत्तर : सुनेच्या वयाची दिसतेस, अगं-तुगं करतो. सिलिंडरच्या वरच्या भागावर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं. समजा १५.९ आहे, तर भरलेला ३०.१ किलो भरला पाहिजे, कारण आत गॅस १४.२ किलो. घरी आणून देणाऱ्याने काट्यावर वजन दाखवायचं असतं, मागायला लाजू नकोस. दोनदा मोजलंस की जाऊबाईंचा संशय एकीकडे नाहीतर दुसरीकडे जाईल.

पण मला विचारशील तर चोर तुझ्या पातेल्यात आहे. सकाळची पेज उकड्या तांदळाची ना? पुण्यात कुकरच्या तीन शिट्यांत भात होतो, इथे उकडा तांदूळ तासभर रटरटतो. रोजचा एक तास गॅस.

आमच्याकडे काय करतात ते सांगतो. तांदूळ रात्रीच भिजत घालायचे. सकाळी झाकण ठेवून दहा मिनिटं खळखळून उकळी द्यायची. मग पातेलं झाकणासकट उचलून पेंढ्याच्या पेटीत. पेटी म्हणजे आंब्याचीच जुनी लाकडी पेटी, तळाला आणि चारी बाजूंना वीतभर पेंढा दाबून भरलेला, मध्ये पातेल्याच्या मापाचा खळगा. वर पेंढा भरलेली उशी, त्यावर गोणपाट. दीड-दोन तासांनी उघडलंस की शितं फुललेली असतात आणि वाफ तोंडावर येते. मऊ कमी वाटली तर दोन मिनिटं परत गॅसवर. पहिल्यांदा केलंस तर मध्येच उघडून बघायचा मोह होईल. नको, ऊब जाते. देवगडात आंब्याच्या पेटीला तोटा नाही.

अंघोळीचं पाणी गॅसवर तापवत नाहीस ना? मागीलदारी पाण्याची चूल असेल तर झावळ्या, सोडणं, करवंट्या आहेतच. फक्त पावसाळ्याआधी माळ्यावर सुकं भरून ठेव, नाहीतर श्रावणात धूर खाशील.

प्रश्न : मुंबईहून निवृत्त होऊन मंडणगड तालुक्यात गावी राहायला आलो. छपरावर सौर पॅनेल बसवावं असं म्हणतो. घर कौलारू. एकजण तीन किलोवॅटचंच घ्या म्हणून मागे लागलाय, अनुदान जास्त मिळतं म्हणे. महिन्याला १०० ते ११० युनिट लागतात.

उत्तर : भाऊ, अनुदान जास्त मिळतं तसा खिशातलाही खर्च जास्त होतो, तेवढं तो सांगायचा राहिला. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन आणि वर ७८,०००. एक किलोवॅट उघडीप असताना दिवसाला चारेक युनिट देतो, महिन्याला १२०. तुम्हाला एकच पुरे. जून ते सप्टेंबर त्याच्याकडून फार अपेक्षा नको, उन्हाळ्यात उरलेली वीज नेटमीटरवर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरवर, जमा दिसेल. गणपतीत मुंबईची सगळी माणसं उतरून बिल फुगत असेल, तर तेवढ्या एका महिन्यासाठी दोन किलोवॅट नको.

कौलांवर बसवू नका. वासे जुने असतात आणि एक कौल फुटलं की पॅनेलखाली हात जात नाही. न्हाणीघराचा किंवा पडवीचा स्लॅब असेल तर तिथे, नाहीतर खळ्यात लोखंडी सांगाड्यावर, पण पाया खणून. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुमच्याच बाजूला आलं होतं, तेव्हा पत्रे कुठे जाऊन पडले ते शेजाऱ्यांना विचारा.

आणि त्या विक्रेत्याला एक विचारा. बाहेरची लाइट गेल्यावर हे चालणार का? साधं नेटमीटरवालं बॅटरीशिवाय चालत नाही, ऊन कितीही असो, आपोआप बंद पडतं. लोक चिडतात. पण वादळानंतर आम्ही खांबावर चढलेलो असतो, लाइन मेली आहे असं धरून. तेव्हा कोणाच्या छपरावरून त्या तारेत वीज परत यायला नको, म्हणून ती सोय आहे. लाइट गेल्यावरही पंखा हवा असेल तर बॅटरीसकट काय पडेल, ते वेगळं लिहून घ्या.