देव दूर गेल्यासारखा वाटतो तेव्हा

प्रश्न : मी नाशिकला शरणपूर रोड परिसरात राहते आणि आमच्या मंडळीत संडे स्कूलच्या मुलांना शिकवते. गेल्या पावसाळ्यात माझी आई वारली. तेव्हापासून प्रार्थनेला बसले की भिंतीशी बोलत असल्यासारखे वाटते. विश्वास कमी पडला असेल किंवा एखादे पाप कबूल करायचे राहिले असेल, असे मंडळीतील काहीजण सांगतात. देव जवळ आहे, असे मुलांना शिकवताना मला अपराधी वाटते. मी शिकवणे थांबवावे का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुम्हाला मिळालेल्या सल्ल्याविषयी आधी लिहितो, कारण त्याने तुमच्या दुःखात भर घातली आहे. पवित्र शास्त्रातील ईयोबाच्या ग्रंथात, संकटांनी खचलेल्या ईयोबाला त्याच्या मित्रांनीही हेच सांगितले होते. परंतु त्या ग्रंथाच्या शेवटच्या, म्हणजे 42 व्या अध्यायात देवाचा कोप होतो तो या मित्रांवर. देवाशी वाद घालणारा, त्याला जाब विचारणारा ईयोब मात्र यथार्थ बोलला, असे देव म्हणतो. पापामुळे देव आणि मनुष्य यांच्यात अंतर पडते, हे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या 59 व्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे आणि ते मी नाकारत नाही. तरीही जाणवणारे प्रत्येक अंतर पापाचेच असते, असा अर्थ पवित्र शास्त्रातून निघत नाही, आणि शोकात असलेल्या व्यक्तीला तो ऐकवणे मला निर्दयपणाचे वाटते.

एक अंतर देवाच्या थोरवीचे आहे. यरुशलेमच्या मंदिराच्या समर्पणाच्या वेळी शलमोन राजा देवाला म्हणतो की, आकाशात आणि परमोच्च आकाशातही जो मावत नाही, तो मी बांधलेल्या या घरात कसा मावेल. आणि त्याच प्रार्थनेत, या घराकडे तोंड करून केलेली विनवणी ऐक, असेही मागतो. उच्च स्थानी राहणारा देव भग्न आणि नम्र हृदयाच्या माणसाजवळही राहतो, हे यशयाने एकाच वचनात सांगितले आहे. ख्रिस्ती श्रद्धेने यांपैकी एक बाजू सोडून दुसरी कधी धरली नाही.

तुम्ही लिहिता ते अंतर मात्र अनुभवाचे आहे आणि स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी कितीतरी त्यातूनच निघालेली आहेत. तेरावे स्तोत्र ‘कुठवर?’ या आक्रोशाने सुरू होते. 88 वे तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळही येत नाही, आणि तरीही ते प्रार्थना म्हणूनच जपले गेले. बाविसाव्या स्तोत्राचे पहिले शब्द, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, प्रभू येशूने वधस्तंभावर उच्चारले, हे मत्तय आणि मार्क हे दोघेही शुभवर्तमानकार नोंदवतात. ज्याला आपण इम्मानुएल, म्हणजे ‘आमच्याबरोबर देव’, म्हणतो, त्यानेच ही हाक मारली असेल, तर देव दूर वाटण्याचा अनुभव विश्वासाच्या बाहेरचा कसा म्हणावा? मदर तेरेसांची 2007 साली प्रसिद्ध झालेली पत्रे वाचली, तर अशा अंधारात त्यांनी कितीतरी वर्षे सेवा केली, हे कळते.

येथे आपल्या मराठी मंडळ्यांविषयी थोडे लिहावेसे वाटते. तरुणपणी नाशिकला शिकलेल्या कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारायला आपल्याला शिकवले, आणि ते ऋण फार मोठे आहे. पण उपासनेत आपण जवळिकीचीच गीते निवडत राहिलो आणि विलापाची स्तोत्रे मागे पडली. त्यामुळे ज्याचे मन कोरडे पडले आहे, त्याला भर मंडळीत परके वाटते. ही उणीव तुमची नसून आमची, मंडळी चालवणाऱ्यांची आहे.

प्रार्थनेसाठी स्वतःचे शब्द सुचत नसतील, तर काही दिवस तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचा, तेवढे पुरे आहे. प्रभुभोजन चुकवू नका. ‘मी सदोदित तुमच्याबरोबर आहे’ हे प्रभू येशूचे वचन त्या दिवशी आपल्याला काय वाटते आहे, यावर अवलंबून नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल किंवा अन्न जात नसेल, तर डॉक्टरांकडेही जा; त्याने विश्वासाला कमीपणा येत नाही.

शिकवणे थांबवू नका. फार थकवा आला असेल, तर पाळकांना सांगून काही रविवार विश्रांती घ्या, पण अपात्र ठरल्याच्या भावनेने पद सोडू नका. देव जवळ आहे, हे मुलांना सांगाच, आणि स्तोत्रे रचणारा दावीद राजा त्याला ‘कुठवर?’ असे विचारत असे, हेही सांगा. त्या वर्गातही एखाद्या मुलाची आजी नुकतीच गेलेली असू शकते.