ऑडिटच्या बैठकीचे अचानक बोलावणे

"ऑडिटवाल्यांनी अचानक आत बोलावले, तयारी काहीच नव्हती, आणि घाबरून भलतेच उत्तर देऊन बसलो, आता काय होईल?" अशी चिंता घेऊन माझ्याकडे दरवर्षी काही जण समुपदेशनासाठी येतात. त्यांतले बहुतेक जण कामात चोख असतात; ज्याला कामाचे सोयरसुतक नाही, त्याची झोप लेखापरीक्षणामुळे सहसा उडत नाही.

येथे एका बाईंचा अनुभव सांगत आहे. त्यांची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. त्या एका पंचायत समितीत वरिष्ठ सहायक होत्या. आधीच्या कर्मचाऱ्याची बदली झाल्यावर त्यांच्याकडे नवे टेबल आले, पण कार्यभाराची यादी अर्धवटच मिळाली, आणि पुढे सवड काढून ती पूर्ण करून घेऊ असे म्हणता म्हणता काही महिने निघून गेले. एके दिवशी सकाळी शिपाई निरोप घेऊन आला, की स्थानिक निधी लेखापरीक्षेचे पथक साहेबांच्या दालनात बसले असून आपल्याला आत्ताच बोलावले आहे. आत गेल्यावर एका देयकाचे प्रमाणक, म्हणजे खर्चाचा पुरावा असलेले व्हाउचर, का सापडत नाही, असा प्रश्न झाला. ते देयक त्यांच्या काळातले नव्हते, तरी "ते आमच्याकडे आलेच नाही" असे त्या बोलून गेल्या. लेखापरीक्षकांनी काही न बोलता ते टिपून घेतले. पुढची बैठक सोमवारी होती आणि त्या माझ्याकडे शुक्रवारी आल्या, तेव्हा वैद्यकीय रजेचा अर्ज लिहून त्यांच्या पर्समध्ये तयार होता.

अशा वेळी हात थरथरणे आणि आठवत असलेलेही ऐनवेळी न सुचणे यांत दुबळेपणा काही नाही. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये ताण मोजण्याची एक चाचणी प्रसिद्ध केली. तीत माणसाला थोडाच वेळ देऊन परीक्षकांसमोर पाच मिनिटे बोलायला लावतात आणि नंतर १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत जायला सांगतात. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. परीक्षकांच्या चेहऱ्यावर होकार किंवा नकार काहीच दिसत नाही. या प्रकाराने बहुतेकांच्या शरीरातील कॉर्टिसोल या संप्रेरकाची पातळी वाढते. पुढे २००४ मध्ये डिकरसन आणि केमेनी या संशोधकांनी अशा २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा आपली पारख इतर लोक करत आहेत आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ही वाढ सर्वांत मोठी असते, असे दिसून आले. अचानक बोलावलेल्या ऑडिटमध्ये या दोन्ही गोष्टी असतात, हे मी त्यांना सांगितले, कारण 'माझ्यातच काही खोट आहे' ही समजूत आधी दूर होणे आवश्यक होते.

त्यानंतर मी त्यांना एक कोरा कागद दिला आणि बैठकीतले प्रश्न आठवतील त्या शब्दांत लिहायला सांगितले. प्रत्येक प्रश्नापुढे आपल्याला नोंदीवरून काय माहीत आहे, आपण केवळ अंदाजाने काय धरून चाललो आहोत आणि काय मुळीच माहीत नाही, हे वेगवेगळे लिहायचे होते. 'प्रमाणक आलेच नाही' हे वाक्य त्यांनी आधी माहितीच्या रकान्यात लिहिले, थोडा वेळ त्याकडे पाहत राहिल्या, आणि मग खोडून अंदाजाच्या रकान्यात नेले. त्यांची खरी अडचण तेथे उघड झाली. तयारी नव्हती म्हणून फारसे बिघडले नव्हते. न पाहिलेल्या कागदाविषयी खात्रीने बोलल्यामुळे बिघडले होते.

मग आम्ही बैठकीची तालीम केली. मी लेखापरीक्षक झाले, प्रश्न विचारला आणि खाली मान घालून समोरची फाइल चाळू लागले. त्यांनी उत्तर द्यायचे होते ते एवढेच: "हे मला नोंद पाहून सांगावे लागेल, उद्या दुपारपर्यंत लेखी देते." हे वाक्य त्या नीट म्हणत, पण मी गप्पच राहिले की त्यांना राहवत नसे, आणि "म्हणजे मी नवीन आहे ना", "तेव्हा बहुधा असे झाले असेल" अशी पुस्ती त्या जोडत जात. समोरचा माणूस केवळ पान उलटत असतो आणि आपल्याला वाटते की त्याला उत्तर पटलेले नाही. माझ्या अनुभवात अशा बैठकांतली बहुतेक नको ती विधाने या काही सेकंदांत होतात, म्हणून उत्तर झाल्यावर ओठ मिटून पेन हातात धरून बसणे, हे आम्ही त्या दुपारी सर्वांत जास्त वेळा केले.

नोंद पाहून सांगते म्हणणे म्हणजे टाळाटाळ दिसेल, अशी त्यांना भीती होती. त्यांच्याच कार्यालयातल्या अर्धसमास पत्राची मी त्यांना आठवण करून दिली. त्यात पानाच्या एका अर्ध्या भागात लेखापरीक्षकाची विचारणा असते आणि दुसरा अर्धा भाग कार्यालयाच्या खुलाशासाठी कोरा सोडलेला असतो. उत्तर नंतर, कागद पाहून येणार, हे त्या पद्धतीनेच गृहीत धरले आहे. मात्र दिलेली मुदत पाळलीच पाहिजे. ती चुकली, की त्याच वाक्यावर पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवत नाही.

आधी दिलेल्या चुकीच्या उत्तराचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच होता. ते तसेच ठेवून सोमवारी नव्या प्रश्नांना सामोरे जाणे त्यांना जमले नसते, असे माझे मत होते. त्यांनी त्याच संध्याकाळी आधीच्या कर्मचाऱ्याला फोन केला, तेव्हा ते प्रमाणक पुढच्या महिन्याच्या गठ्ठ्यात बांधले गेले असावे असे कळले, आणि शनिवारी कार्यालय उघडून घेऊन पाहिल्यावर ते खरोखरच तेथे निघाले. मागील विधान नोंद न पाहता केले होते, आता प्रमाणक सोबत जोडले आहे, एवढे दोन ओळींचे पत्र त्यांनी गटविकास अधिकाऱ्यांमार्फत पथकाला दिले.

येथे एक इशारा द्यायला हवा. अशा घाईत मागील तारखेची नोंद करून टाका, कोरी सही करा, असे सुचवणारा वरिष्ठ किंवा सहकारी कोणाला भेटला, तर तो विषय समुपदेशनाचा राहत नाही. तेथे लेखी आदेश मागावा आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. तसेच बैठक होऊन गेल्यावरही झोप, भूक परतत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी चोवीस तास उपलब्ध आहे.

सोमवारी त्या बैठकीला गेल्या. रजेचा अर्ज दिला नाही. प्रमाणकाचा आक्षेप तेथेच मिटला, पण एका उपयोगिता प्रमाणपत्राचा (निधी ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याच्या दाखल्याचा) आक्षेप कायम राहिला आणि तो परिच्छेद अहवालात आला. त्याचे अनुपालन, म्हणजे त्या आक्षेपाची पूर्तता, अद्याप व्हायचे आहे. कार्यभाराची पूर्ण यादी मिळावी, असे पत्र मात्र त्यांनी त्याच आठवड्यात दिले.