वायफाय की लाइन? आधी एवढं ठरवू या

‘नेट स्लो आहे’ ही तक्रार ‘पोटात दुखतंय’ या तक्रारीसारखी आहे. दुखणं एकच, कारणं पन्नास. आणि या वेळच्या पत्रांत पुन्हा तेच दिसलं: कारण शोधण्याआधीच बहुतेकांनी प्लॅन वाढवून टाकलाय. दरमहा दोन-तीनशे रुपये जास्त जातात आणि नेट होतं तिथेच राहतं. म्हणून उत्तरांआधी एक विनंती. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, वायफाय बंद करा, घरातले बाकीचे फोन बाजूला ठेवा आणि मग स्पीड टेस्ट घ्या. केबलवर वेग पूर्ण मिळाला तर दोष घरातल्या वायफायचा. केबलवरही कमीच मिळाला तर बहुधा बाहेरच्या लाइनचा किंवा कंपनीचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यावर पुढचं सगळं ठरतं.

प्रश्न (नाशिक): १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय. मोठी फाइल डाउनलोड करताना वेग ११च्या वर कधीच जात नाही. ही फसवणूक नाही का?

नाही, तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय. कंपनी वेग बिटमध्ये सांगते (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट) आणि डाउनलोडची खिडकी तो बाइटमध्ये दाखवते. ८ बिट म्हणजे १ बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा, त्यातून प्रत्येक पाकिटावरच्या (माहिती अशा छोट्या पाकिटांतूनच जाते) पत्त्याबित्त्याचा खर्च वजा केला की अकरा-साडेअकरा उरतात. इंग्रजीत लिहिताना बिटसाठी लहान ‘बी’ आणि बाइटसाठी मोठा ‘बी’ वापरतात, तेवढं पाहत जा.

प्रश्न (पुणे): प्लॅन २००चा आहे. फोनवर वायफायने १८० पर्यंत मिळतात, पण केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर बरोबर ९४. कधीही बघा, ९४. कंपनीचा माणूस म्हणतो कॉम्प्युटर जुना झालाय.

‘कधीही बघा, ९४’ हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण निदान त्यातच आहे. खरोखर मंद असलेल्या लाइनचा आकडा हलता असतो, आता ६०, मग ११०. एकाच आकड्यावर ठोकून बसलेला वेग म्हणजे मध्ये कुठेतरी दार अरुंद आहे. ९४-९५ हा १०० एमबीपीएसच्या दाराचा ठसा आहे.

हे दार तीन ठिकाणी असू शकतं. पहिली शंका केबलवर. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच पुरतात. १००० एमबीपीएसला, म्हणजे गिगाबिटला, आठही लागतात. एखादी तार दाराच्या फटीत चिरडली किंवा टोकाच्या क्लिपमध्ये नीट बसली नाही, तर दोन्हीकडची उपकरणं मुकाट्याने १००वर उतरतात. नेट चालूच राहतं, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. काही ठिकाणी तर वायरमनने एकाच केबलच्या चार तारा नेटला आणि उरलेल्या लँडलाइनला वापरलेल्या मी पाहिल्यात. दुसरी शंका राउटरच्या पोर्टवर. कंपनीने दिलेल्या बऱ्याच डब्यांत एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे १००चे. वर ‘जीई’ आणि ‘एफई’ अशी अक्षरं असतील तर ‘जीई’मध्ये लावा. तिसरी शंका कॉम्प्युटरच्या पोर्टवर, तो खरंच जुना असला तर.

विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो. तिथे १०० दिसत असेल तर आधी पोर्ट बदला, मग ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ची तयार केबल लावून पाहा. नव्या कॉम्प्युटरचा विचार त्यानंतर.

प्रश्न (गुहागर तालुका): आमचं घर जुनं, जांभ्या दगडाचं. राउटर ओटीवर. माजघरात जेमतेम दोन दांड्या आणि मागच्या पडवीत काहीच नाही. मुलगा पडवीत बसून कंपनीचं काम करतो. बूस्टर आणून पडवीत लावला, दांड्या चार झाल्या पण नेट तसंच. पावसात तर फारच वाईट.

तुमचं पत्र वाचताना घराचा नकाशाच डोळ्यांसमोर आला. ओटी, माजघर, मागची खोली, पडवी, म्हणजे मध्ये किमान तीन भिंती, आणि त्या जांभ्याच्या. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, आणि वायफायच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. पावसाळ्यात जास्त वाईट होतं हा तुमचा अनुभव खरा आहे.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा हळू, पण भिंत त्यातल्या त्यात पार करतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण एका जाड भिंतीतच दमतो. पडवीपर्यंत या दोन्हींचं बळ पुरत नाही.

आता बूस्टर. ज्याला सिग्नलच पोचत नाही, तो पुढे काय देणार? तुमच्या फोनवरच्या चार दांड्या बूस्टर आणि फोन यांच्यातल्या आहेत. बूस्टर आणि ओटीवरचा राउटर यांच्यातला सिग्नल मेलेलाच आहे. त्यात स्वस्त बूस्टर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. तो वापरायचाच तर माजघरात, जिथे निदान दोन दांड्या आहेत तिथे लावा. पण माझं मत स्पष्ट आहे: अशा घरात बूस्टरवर पैसे घालू नका. त्याच पैशांत केबल ओढा.

ओटीवरच्या राउटरपासून वाशांच्या कडेने पडवीपर्यंत लॅन केबल न्या. तीस-चाळीस मीटर लागेल, आणि शंभर मीटरपर्यंत चिंता नाही. घेताना शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते पण लांब अंतरावर दगा देते. पडवीत दुसरा साधा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये लावा. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (जोडलेल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या आणि केबल त्याच्या ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ पोर्टात घाला. दोन्हींना वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, म्हणजे फोन घरात फिरताना आपोआप जवळचा धरेल. मुलाला तर लॅपटॉप थेट केबलनेच जोडायला सांगा.

एक सावधगिरी. ही केबल मांगरापर्यंत किंवा शेजारच्या घरापर्यंत उघड्यावरून नेऊ नका. कोकणात वीज पडायला लागली की तांब्याच्या तारेतून दोन्हीकडची उपकरणं जातात. बाहेरून न्यायचं असेल तर फायबर (प्रकाश वाहून नेणारी काचेची तार) न्यावी, काचेतून वीज येत नाही.

प्रश्न (सोलापूर): घराला रंग दिला, त्यानंतर नेट दर तासाला तुटतं, मध्येच लाल दिवा लागतो. लाइनमन येतो, डबा बंद-चालू करतो आणि जातो.

रंगाऱ्याने फायबर खिळ्यावरून काढून पुन्हा लावली असणार, आणि कुठल्यातरी कोपऱ्यात ती काटकोनात दुमडली गेली असणार. आतली काच केसासारखी बारीक असते. तिला तीव्र वळण दिलं की प्रकाश वळणावरून बाहेर निसटतो. तार तुटलेली नसते, म्हणून वरवर सगळं ठीक दिसतं. डब्यापासून खिडकीपर्यंत केबलवर नजर फिरवा; जिथे कोपरा कडक असेल तिथे चहाच्या बशीएवढी गोलाई द्या. जास्तीची केबल गुंडाळून कपाटामागे दाबली असेल तर तीही मोकळी करा.

लाइनमन आला की त्याला पॉवर मोजायला लावा. त्याच्याकडे मीटर असतो. ‘पॉवर किती येतोय?’ एवढंच विचारा. उत्तर उणे आकड्यात येईल. उणे १५ ते उणे २४च्या दरम्यान असेल तर छान. उणे २७च्या आसपास डबा कसाबसा तग धरतो आणि दिवस तापला किंवा वारा सुटला की सोडून देतो. हा साधा बेरीज-वजाबाकीचा हिशेब नाही: आकडा ३ने घसरला की प्रकाश निम्मा झालेला असतो. आणखी एक गोष्ट, हिरवं टोक हिरव्याच सॉकेटमध्ये हवं. निळ्याशी जोडलं तर तिथेच प्रकाश वाया जातो. टोक काढून आत डोकावू मात्र नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा.

प्रश्न (इचलकरंजी): दिवसभर उत्तम. रात्री आठ ते अकरा रांगायला लागतं. मजा म्हणजे त्या वेळीही यूट्यूब बऱ्यापैकी चालतं आणि स्पीड टेस्टही चांगली येते! मग ऑपरेटर आम्हालाच खोटं ठरवतो.

तुम्ही खोटे नाही, आणि तुमची निरीक्षणं अचूक आहेत.

फायबर घरापर्यंत आली तरी ती तुमच्या एकट्याची नसते. गल्लीतल्या स्प्लिटरवर (प्रकाश वाटून देणाऱ्या डबीवर) एका तारेची ३२ किंवा ६४ घरं होतात, आणि नेहमीच्या जीपॉन पद्धतीत त्या सगळ्यांत मिळून सुमारे २,५०० एमबीपीएस असतात. पण गल्लीतली तार सहसा भरत नाही. भरते ती ऑपरेटरने वरच्या कंपनीकडून विकत घेतलेली बँडविड्थ, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडे जाणाऱ्या वाटेची रुंदी. ग्राहक दुप्पट झाले आणि वरची बँडविड्थ तेवढीच राहिली, की रात्री जेवणं उरकून सगळे एकदम बसल्यावर कोंडी होते.

मग यूट्यूब का चालतं? कारण मोठ्या सेवांचे लोकप्रिय व्हिडिओ इंटरनेट कंपनीच्या आवारातच ठेवलेल्या सर्व्हरमधून येतात. त्यांना त्या भरलेल्या वाटेने जावंच लागत नाही. स्पीड टेस्टचंही तेच: ती आपणहून जवळचा, पुष्कळदा त्याच कंपनीचा सर्व्हर निवडते. गावातल्या गावात गाडी पळवून महामार्ग मोकळा आहे म्हणण्यासारखं आहे हे. टेस्टमध्ये सर्व्हर बदलता येतो. दुसऱ्या कंपनीचा, मुंबईचा किंवा चेन्नईचा निवडा, आणि सात दिवस रोज दुपारी तीन आणि रात्री साडेनऊ अशी केबलवर टेस्ट घेऊन स्क्रीनशॉट ठेवा. वहीत तारीख-वेळ लिहा. ऑपरेटरशी भांडण्यापेक्षा ही वही त्याच्यापुढे ठेवलेली बरी. चांगला ऑपरेटर तिच्या जोरावर वर बँडविड्थ मागतो.

दोन महिन्यांत फरक पडला नाही तर तक्रार तोंडी नको. कंपनीच्या ग्राहक केंद्रात नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत जाता येतं. त्याला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निकाल देणं बंधनकारक आहे. हे फार कमी लोक वापरतात, वापरावं. कायद्यातल्या किमान वेगाचा आधार मात्र फारसा मिळणार नाही, कारण २०२३मध्ये वाढवल्यानंतरही ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ एमबीपीएसच आहे.

जाता जाता: वेग महिनाअखेरीस दिवसभरच पडत असेल तर कारण वेगळं. ‘अमर्याद’ प्लॅनलाही बहुधा मर्यादा असते, ३,३०० जीबी वगैरे. ती संपली की वेग उतरवतात.

प्रश्न (नागपूर): स्पीड टेस्ट ५० दाखवते, तरी मुलीच्या ऑनलाइन मुलाखतीत आवाज तुटत होता. नोकरी हातची जाते की काय असं झालं. एका व्हिडिओ कॉलला ५० पुरत नाहीत का?

कॉलला ३-४ एमबीपीएस पुष्कळ झाले. अडचण वेगाची नाही, रांगेची आहे.

त्या वेळी घरात कोणाच्या तरी फोनवरून लग्नाचे व्हिडिओ नाहीतर फोटोंचा बॅकअप वर चढत होता का, ते आठवा. अपलोडची वाट भरली की राउटर जास्तीची पाकिटं फेकून न देता रांगेत धरून ठेवतो. मुलीच्या आवाजाची चिमुकली पाकिटं त्या रांगेच्या शेपटाला उभी राहतात आणि अर्धा-एक सेकंद उशिरा पोचतात. बोलण्यात तेवढा उशीर म्हणजे आवाज तुटणंच.

खात्री अशी करा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा (छोटं पाकीट धाडून उत्तराला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणं), राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. दुसरीत ८.८.८.८ला, म्हणजे बाहेर इंटरनेटवरच्या गूगलच्या पत्त्याला. आता फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. राउटरचाच आकडा दोन-चार मिलिसेकंदांवरून दोनशेवर उडाला तर वायफाय दोषी. राउटरचा शांत राहिला आणि दुसराच उडाला, तर रांग लाइनवर आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘क्यूओएस’ (कोणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) असेल तर त्यात अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. रांग राउटरमध्येच आवरली जाते आणि कॉल सुटसुटीत होतो.

पुढच्या मुलाखतीला यातलं काही जमलं नाही तरी दोन गोष्टी नक्की करा: लॅपटॉप केबलने जोडा, आणि तासभर घरातल्या सगळ्या फोनचं वायफाय बंद ठेवा. राउटरला छोटा यूपीएसही लावून द्या. वीज क्षणभर गेली तरी राउटर पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि मुलाखतीत ती फार मोठी असतात. मुलीला माझ्या मनापासून शुभेच्छा.

प्रश्न (सातारा): लेक न्यू जर्सीला असते. व्हिडिओ कॉलवर आमचं बोलणं तिला जरा उशिरा पोचतं आणि दोघंही एकदम बोलतो. ३००चा प्लॅन घेऊ का? कोणी डीएनएस बदला म्हणतं.

दोन्ही नको. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद तर निसर्गाचेच. केबल काही सरळ जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात २००च्या आसपास लागतात. सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली आणि हा उशीर आणखी वाढला होता. हा अंतराचा उशीर कुठलाच प्लॅन कमी करू शकत नाही. डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधतो. वेबसाइट उघडायला थोडा फरक पडेल, कॉलला नाही.

राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाशेजारी असेल तर तो तेवढा मोकळ्यावर, छातीच्या उंचीला आणा आणि त्याच खोलीत बसून फोन ५ गिगाहर्ट्झवर जोडा. आवाज स्वच्छ येईल. बाकीच्या अर्ध्या क्षणासाठी तिचं वाक्य पूर्ण होऊ द्या, मग बोला.